मुलं कुठल्या राज्याची?

बहीण: दादा, पुणं सोडायचं आमचं जवळजवळ ठरलंय. बढती घ्यायची तर बंगळुरूचं ऑफिस घ्यावं लागेल किंवा हैदराबादचं, आणि निवड माझ्यावर सोडली आहे. ह्यांचं काम घरूनच चालतं, त्यामुळे तो प्रश्न नाही. मी दोन्ही ठिकाणं शेजारी मांडून पाहिली. मन बंगळुरूकडे जास्त ओढ घेतंय. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवरचं शहर, भर एप्रिलमध्येही रात्री झोप लागते. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या आपल्याला त्याची किंमत वेगळी सांगायला नको. माझ्या क्षेत्रातलं सर्वांत जास्त काम तिथं आहे, म्हणजे उद्या ही नोकरी गेली तरी घर न हलवता दुसरी मिळेल. उणी बाजूही मी धरली आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथल्या कूपनलिका आटल्या आणि टँकरसाठी रांगा लागल्या. कावेरीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून चढावर उपसून आणावं लागतं. हैदराबादला त्याच पैशात मोठं घर मिळतं, पण पाणी त्यांनाही कृष्णा-गोदावरीतून लांबूनच येतं. प्राप्तिकर देशभर एकच आहे. राज्य बदलल्याने पगाराच्या कपातीत फरक पडला तर व्यवसायकराचा, आणि तो वर्षाला अडीच हजारांच्या वर कुठलंही राज्य लावू शकत नाही. गाडीची नोंदणी वर्षभरात बदलून घ्यायची, तिथला रस्ताकर भरायचा आणि इथला परत मागायचा, एवढा एक त्रास. आता तू सांग, माझं काय राहून गेलं?

भाऊ: तू शहरं तोललीस, राज्यं तोलली नाहीस. एकट्या नोकरदाराला तेवढं पुरतं, कारण त्याची गाठ भाडं, पाणी, हवा आणि पगार एवढ्यांशीच असते. मुलं सोबत नेली की गाठ राज्याशी पडते, आणि ती शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून पडते. मोठी आता सातवीत आहे, धाकटा दुसरीत. सरकारी महाविद्यालयांतल्या एमबीबीएसच्या १५ टक्के जागा देशपातळीवर भरतात, उरलेल्या ८५ टक्के प्रत्येक राज्य आपल्या मुलांसाठी ठेवतं. आता आपलं मूल कोणतं, हे प्रत्येक राज्याने वेगळं ठरवलंय. महाराष्ट्र अधिवासाच्या दाखल्याबरोबर दहावी आणि बारावी इथून झालेली मागतो. कर्नाटक पहिली ते बारावीतली किमान सात वर्षं तिथल्या शाळेत काढलेली मागतं. तेलंगण बारावीपर्यंतची सलग चार वर्षं मोजतं, आणि त्यांचा तो नियम सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये उचलून धरला. हे मुलीला लावून बघ. पुढच्या जूनला ती आठवीत जाईल. बंगळुरूला गेली तर बारावीपर्यंत तिची पाचच वर्षं भरतात. म्हणजे कर्नाटक तिला आपली म्हणणार नाही, आणि दहावी-बारावी बाहेर झाल्यामुळे महाराष्ट्रही म्हणणार नाही. सोलापुरात जन्मलेली, पुण्यात वाढलेली मुलगी अठराव्या वर्षी राज्याच्या रांगेत उभी राहील तेव्हा कुठल्याच रांगेत तिचं नाव नसेल. तुझ्या तक्त्यात याला रकाना कुठं आहे?

बहीण: नाही, हा रकाना नाही. पण तू एकाच प्रवेशाचा नियम घेऊन सगळं आयुष्य त्याच्यावर टांगतोयस. तिने डॉक्टर व्हायचं ठरवलेलं नाही. आयआयटीत राज्याचा हिशोब नसतो. एनआयटीत निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांना असतात, पण तिथं गृहराज्य म्हणजे बारावी जिथून झाली ते. बंगळुरूतून बारावी केली तर सुरतकलच्या एनआयटीसाठी ती कर्नाटकचीच. म्हणजे एकच मुलगी एका अर्जावर कर्नाटकची आणि दुसऱ्या अर्जावर परकी. असल्या नियमांच्या जाळ्यातून रस्ता आखत मी मुलं वाढवू का? राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने देशात कुठंही जाऊन राहण्याचा हक्क दिलाय. सर्वोच्च न्यायालयाने प्रदीप जैन खटल्यात १९८४ मध्येच सांगितलं की अधिवास भारताचा असतो, राज्याचा वेगळा नसतो. जानेवारी २०२५ मध्ये त्याच धाग्याने जाऊन वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशातलं रहिवासावर आधारलेलं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते दिसतंय की.

भाऊ: त्याच निकालांनी एमबीबीएसच्या पातळीवर राज्यांना काही जागा राखायची मुभा ठेवली, तेही वाच. शिवाय मी त्या नियमाला वाईट म्हणत नाही. राज्य आपल्या पैशातून महाविद्यालय उभं करतं, कारण तिथून निघालेला डॉक्टर उद्या अक्कलकोटच्या किंवा आदिलाबादच्या दवाखान्यात बसावा अशी त्याला आशा असते. ती आशा खोटी ठरते कितीदा तरी, पण ती मूर्खपणाची नाही. आणि बिहारहून पुण्यात आलेल्या पोराला महाराष्ट्र तेच सांगतो. तेव्हा आपल्याला त्यात अन्याय दिसला नव्हता. मला एवढंच म्हणायचंय की हक्क जाण्याचा आहे. गेल्यावर तिथलं होण्याचा हक्क राज्याकडून मिळवावा लागतो, आणि तो आई-बापांच्या पगारपत्रकावर मिळत नाही, मुलांच्या वर्षांवर मिळतो.

अजून एक गोष्ट आहे, आणि ती तू मुद्दाम बोलत नाहीस असं मला वाटतं. आपलं जातप्रमाणपत्र. अनुसूचित जातीची यादी राज्यानुसार आहे. १० ऑगस्ट १९५० ला आपलं घराणं ज्या राज्याचं रहिवासी होतं, त्या राज्यात ते प्रमाणपत्र चालतं. १९९० चा मर्री चंद्रशेखर राव खटला आठव. आंध्रातल्या अनुसूचित जमातीचा मुलगा, वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणीच मुंबईला आलेला, शिकला मुंबईत. वैद्यकीय प्रवेशाच्या वेळी महाराष्ट्राने त्याची जमात मानली नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राची बाजू उचलून धरली. नव्या राज्याच्या यादीत आपल्या जातीचं तेच नाव असलं तरी फरक पडत नाही, हे १९९४ मध्ये पुन्हा स्पष्ट झालं. म्हणजे हैदराबादला चार वर्षं भरून मुलगी तेलंगणाची झाली, तरी राज्याच्या जागांसाठी ती खुल्या गटातली. आबांनी कचेरीच्या पायऱ्या झिजवून मिळवलेलं ते वैधता प्रमाणपत्र तू रेल्वेत बसलीस की निम्मं रिकामं होतं.

बहीण: मुद्दाम बोलत नाही हे खरं आहे. का, ते सांगते. आम्ही दोघं कमावतो. मुलीला स्वतःची खोली आहे, इंग्रजी शाळा आहे, हवं ते पुस्तक मिळतं. ती राखीव जागा घेईल की नाही, हे मला आज ठरवायचं नाही. ते तिने ठरवावं, समजत्या वयात, आपण कुठून आलो हे नीट कळल्यावर. केंद्राच्या संस्थांमध्ये ते प्रमाणपत्र देशभर चालतंच, म्हणजे तो हक्क संपूर्ण जात नाही. आणि दादा, आबांनी ते प्रमाणपत्र मिळवलं ते आपण एका जागी बसून राहावं म्हणून नव्हे. बाबासाहेबांच्या शिक्षणासाठी रामजी सुभेदारांनी साताऱ्याहून मुंबई गाठली. गिरणगावातल्या चाळीच्या एका खोलीत संसार मांडला, कारण मुलाला एल्फिन्स्टन हायस्कुलात घालायचं होतं. आपल्या माणसांनी गाव सोडलं तेव्हाच पुढची पिढी शिकली. गावात राहून काय मिळायचं ते आपल्या आजोबांना मिळालंच होतं. मला हलणं ही भीतीची गोष्ट वाटत नाही. आपल्या घरात ती कायम सुटकेची गोष्ट होती.

भाऊ: सुभेदारांचं उदाहरण तू दिलंस, आणि मला ते आवडलं. पण सातारा आणि मुंबई दोन्ही एकाच इलाख्यात होती. मुंबईला गेल्याने त्या मुलाचं सरकार बदललं नाही. पुढची गोष्ट बघ: त्यांच्या उच्च शिक्षणाला पैसा बडोद्याच्या सयाजीरावांनी दिला, म्हणजे दुसऱ्या राज्याने दिला, पण करार करून, परत येऊन बडोद्यात नोकरी करण्याच्या अटीवर. आणि ते नोकरीला गेले तेव्हा बडोद्यात त्यांना राहायला धड जागा मिळाली नाही. पैसा देणारं राज्य आणि आपलं म्हणणारी माणसं, या दोन गोष्टी तिथंही वेगळ्याच निघाल्या. तू मुलांना जिथं नेशील तिथं त्यांना कोण आपलं म्हणेल, हा माझा प्रश्न आहे. जागांचा हिशोब मी मांडला तो त्या प्रश्नाचं मोजता येणारं टोक म्हणून.

बहीण: मग न मोजता येणाऱ्या टोकाकडे येऊ. आपण सोलापूरचे. आपल्या शहराचा पूर्व भाग तेलुगू बोलतो. पद्मशाली विणकर तेलंगणातून आले, हातमागावर बसले, गिरण्यांत उभे राहिले, आणि सोलापुरी चादर सगळ्या देशात गेली. त्यांच्या बायका विड्या वळायच्या आणि आपल्याशी मराठीत भांडायच्या. घरात तेलुगू, बाजारात मराठी, आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. गंगाधर कुचन सोलापूरचे खासदार झाले. आडम मास्तर विधानसभेत गेले आणि त्यांनी विडी कामगारांच्या घरांसाठी लढा दिला. त्यांना कुणी सात वर्षांचा दाखला मागितला होता? ती माणसं आली, काम केलं, मत दिलं, मत मागितलं आणि सोलापूरची झाली. तशीच आम्ही होऊ. दक्षिणेत मी अगदी परकीही नाही. शाळेतल्या मैत्रिणींकडून मला मोडकं का होईना तेलुगू येतं, आजोळी कन्नड कानावर पडलंय.

भाऊ: ते सोलापूरचे झाले, खरं आहे. पण किती काळात झाले? आज जे सहज दिसतं त्याच्यामागे तीन-चार पिढ्या आहेत. आणि ते एकेकटं कुटुंब म्हणून आले नाहीत. गल्लीच्या गल्ली आली, देऊळ आलं, तेलुगू शाळा आल्या, लग्नं आपसात जमली. तुम्ही चौघं जाणार एका गृहसंकुलात, जिथं शेजारी दिल्लीचे, वर ओडिशाचे, आणि मुलं लिफ्टमध्ये इंग्रजीत बोलतात. तिथं कुणी तुम्हाला परकं म्हणणार नाही, कारण तिथं कुणीच तिथलं नसतं. मुलं दहा वर्षं बंगळुरूत राहतील आणि कर्नाटकात एक दिवसही राहणार नाहीत. मला तुझ्या जाण्याची भीती नाही. हे असं अधांतरी राहणं मला सलतं. पद्मशाली मजुराच्या पोराला सोलापुरात मराठी शिकावीच लागली. तुझ्या मुलांना कन्नड शिकण्याची गरज पडेल का?

बहीण: पडेल. कायद्यानेच पडेल. कर्नाटकाने २०१५ मध्ये शाळांत कन्नड सक्तीचं करणारा कायदा केला, तेलंगणाने २०१८ मध्ये तेलुगूसाठी केला, आपण २०२० मध्ये मराठीसाठी केला. सीबीएसई असो की आणखी काही, पहिली ते दहावी तेलुगू शिकवलं पाहिजे असं तेलंगणाचा कायदा सांगतो. लोक तक्रार करतात, मला मात्र हे बरं वाटतं. धाकटा दुसरीत आहे, तो वर्षभरात बोलायला लागेल. मोठीचं कठीण जाईल. आठवीत नवी लिपी, नवी भाषा, आणि वर्गातली मुलं सात वर्षं पुढे गेलेली. तिच्यासाठी मला रात्री जाग येते, हे तुला सांगायला हरकत नाही. पण त्या अडचणीवरचा उपाय जाऊ नये हा नाही, आईनेही तिच्याबरोबर बसून अक्षरं गिरवावीत हा आहे. आणि तिथल्या लोकांचा राग मी समजू शकते. जुलै २०२४ मध्ये कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना राखीव जागा देणारं विधेयक मंजूर केलं आणि ओरड झाल्यावर थांबवलं. पुण्यातले माझे सहकारी चिडले. मी त्यांना १९६६ ची आठवण दिली. मुंबईत दक्षिणेकडून आलेल्या कारकुनांवरच्या रागातूनच शिवसेना उभी राहिली ना? तेव्हा आपण घरमालक होतो. आता पाहुणे होणार आहोत. पाहुण्याने भाषा शिकावी, यात मला कमीपणा वाटत नाही.

भाऊ: हे तू मनापासून बोलतेयस, आणि तू शिकशीलही. माझी एक तक्रार त्यामुळे कमी झाली. पण आता तुझ्याच बोलण्यातून निघतं ते पुढे नेतो. शिकायचंच आहे, तिथलं व्हायचंच आहे, तर हैदराबाद का नको? सोलापूरहून ते तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पुण्याहून तू येतेस त्यापेक्षा फार लांब नाही. पुणे-सिकंदराबाद शताब्दी सोलापुरावरूनच जाते. आई-आबांना रात्री काही झालं तर सकाळपर्यंत तू दारात असशील. बंगळुरूहून ते होणार नाही. आबा तुझ्याकडे राहायला आले तर तिथल्या दुकानात, दवाखान्यात त्यांची हिंदी चालेल. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि हैदराबाद एकाच राज्यात होते. सुलतान बाजार, काचीगुडा भागात मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या राहतोय, विवेकवर्धिनीसारखी शाळा तिथल्या मराठी लोकांनी काढली, मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. नरसिंह रावांनी हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेली, ती त्याच मातीतून. मुलांच्या वर्षांचा हिशोबही तिथं बसतो: मोठीची नववी ते बारावी भरते, धाकट्याचं सगळंच भरतं.

बहीण: तू मला जाऊ नको म्हणत होतास आणि आता कुठं जा ते सांगतोयस. ठीक आहे, हैदराबादची बाजू मी कमी लेखली होती. आई-आबांचा मुद्दा मला आधी सुचायला हवा होता. पण बघ, तुझ्या सगळ्या वजनांत माझं काम कुठं आहे? हैदराबादच्या ऑफिसात मला हवा तो गट नाही. पद तेच मिळेल, काम दुय्यम मिळेल. बाराव्या वर्षी मुलीला काय व्हायचंय ते ठाऊक नाही म्हणून तिच्या सगळ्या वाटा मोकळ्या ठेवायच्या, आणि चाळिसाव्या वर्षी मला काय करायचंय ते पक्कं ठाऊक आहे म्हणून माझी बंद करायची, असं का? बाबांच्या बदलीबरोबर कुटुंब हललं की त्याला कुणी हिशोब विचारत नाही. आई हलायला निघाली की मुलांची वर्षं मोजायला सगळे बसतात. तू मुद्दाम करतोयस असं म्हणत नाही. पण हे होतं.

भाऊ: होतं. मी ते नाकारत नाही, आणि तुझ्या नवऱ्याची बदली असती तर मी इतका बोललो असतो का, याचं उत्तर मला लगेच देता येत नाही. तरी वर्षं मोजली जाणारच, मी मोजली नाहीत तर तिथला प्रवेश विभाग मोजेल. एक वाट आहे: थांब. मोठीची बारावी इथं होऊ दे, मग जा.

बहीण: तोही हिशोब मी मनात करून पाहिला, तू बोलत होतास तेव्हाच. मोठीची बारावी होईपर्यंत पाच वर्षं जातात. धाकटा तेव्हा सातवी संपवेल. म्हणजे तिच्या आजच्याच जागी तो उभा असेल: कर्नाटकची सात वर्षं त्याला भरता येणार नाहीत, तेलंगणाची चार येतील. मोठीसाठी थांबले तर धाकट्याचं कर्नाटक जातं. आज गेले तर मोठीचं महाराष्ट्र जातं. मधल्या काळात माझी बढती दुसऱ्या कुणाला मिळालेली असेल, आणि आई-आबा पाच वर्षांनी मोठे झालेले असतील. थांबणं म्हणजे काही न ठरवणं असं मला वाटत होतं, पण तेही कुणाच्या तरी वाट्यातून घेणंच आहे.

भाऊ: मोठीला इथं ठेवून तुम्ही तिघं गेलात तर? आमच्याकडे, सोलापुरात. तिची बारावी इथून होईल, प्रमाणपत्र पूर्ण चालेल, आई-आबांना सोबत होईल.

बहीण: तू प्रेमाने म्हणतोयस, पण नाही. ऊसतोडीला बीडहून कर्नाटकातल्या कारखान्यांवर जाणाऱ्या बायका मुलांना आजीजवळ ठेवून जातात किंवा फडावर नेतात आणि शाळा बुडते. त्यांना तिसरी वाट नसते. मला असताना मी मुलीला मागे ठेवून जाणार नाही. घर हलवायचं तर सगळ्यांनी हलायचं, हा माझ्याकडून एकच पक्का मुद्दा. बाकी सगळं मी पुन्हा मांडायला तयार आहे. आणि या वेळी मोठीलाही बसवणार आहे. हे नियम, ते प्रमाणपत्र, १९९० चा तो मुलगा, सगळं तिला सांगणार.

भाऊ: सातवीतल्या पोरीला? तिला मैत्रिणी सुटणार याचं दुःख असेल, आणि तू तिच्यासमोर अधिवास आणि जातवैधता ठेवणार. तिने बंगळुरू म्हटलं आणि अठराव्या वर्षी अडली, तर तिला वाटेल आपणच निवडलं होतं. हे ओझं तिच्यावर टाकू नकोस.

बहीण: न सांगता नेलं तर अठराव्या वर्षी तिला कळेल की आईने तिचं राज्य बदललं आणि विचारलंही नाही. तुला यातलं कुठलं ओझं हलकं वाटतं?

भाऊ: सांगता येत नाही. पण विचारणार असशील तर तिला दोन शहरांची नावं देऊन विचारू नकोस. पुण्यात राहिलो तर तुझी आई काय सोडते, हेही तिला सांग. मला ते आज कळलं, तिलाही कळू दे. आणि शाळांचे प्रवेश सुरू व्हायच्या आत हैदराबादच्या ऑफिसला एकदा जाऊन ये, तो गट तिथं खरंच उभा राहणार नाही का ते विचारून ये. मी इथं प्रवेशाच्या नियमपुस्तिका पुन्हा काढतो. हे नियम दरवर्षी थोडे हलतात, आणि मोठी बारावीला पोचेपर्यंत यातलं काय टिकेल ते आपल्या दोघांच्याही हातात नाही.